जुनी पाने, नवे घटक : संकेतस्थळावरील मजकुराचे रूपांतर

(जालना जिल्ह्यातील शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाचा निर्णय कागदावर उमटला म्हणजे त्याचे निम्मे कार्य झाले असे समजावे. ज्या माणसासाठी तो निर्णय घेतला, त्याला तो कळला म्हणजे उरलेले निम्मे पूर्ण होते. एके काळी हे दुसरे निम्मे कार्य दवंडी पिटणारा करीत असे. पुढे ते चावडीवरील फलकाकडे आले, वृत्तपत्रांकडे आले, आकाशवाणीकडे आले. आज त्याचा फार मोठा भार संकेतस्थळांनी उचलला आहे. दाखला कोठे मिळतो, अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, निविदा कधी उघडणार, भरतीची यादी लागली काय, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी ग्रामीण भागातील तरुण आता प्रथम हातातील मोबाईल उघडतो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्या दिवशी वर्ल्ड वाइड वेब ही कल्पनाही जगात जन्माला आलेली नव्हती. आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांची माहिती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध आहे. परंतु माहिती उपलब्ध असणे आणि ती माणसाच्या हाती पडणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्या दोहोंमधील अंतर कसे कमी होते, हा या भाषणाचा विषय. संगणकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या पानांचे वेब-उपयोजनाच्या दर्शनी घटकांत रूपांतर करणे. हे काम अभियंत्यांचे आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

पिशवीवरचा टॅग

एचटीएमएल म्हणजे काय हे जालन्याच्या श्रोत्यांना सांगणे इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा सोपे आहे, कारण हा जिल्हा बियाण्यांचा जिल्हा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या पिशवीला लावलेला टॅग या जिल्ह्यातील शेतकऱ्याला चांगला परिचित आहे. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग असतो, प्रमाणित बियाण्याला निळा. पिशवी बंद असली तरी आत काय आहे हे टॅग सांगतो. शेतकरी विश्वास ठेवतो तो त्या टॅगवर.

एचटीएमएलमध्येही टॅगच असतात आणि त्यांचे कार्यही तेच असते. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला एक टॅग लावून सांगितले जाते की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे, हा तक्ता आहे, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ पर्यंत पहिले संकेतस्थळ उभे राहिले. त्यांची मूळ दृष्टी साधी होती. मजकूर कोणत्या जातीचा आहे हे लेखकाने सांगावे आणि तो कसा दाखवावयाचा हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावे.

जोपर्यंत टॅग खरे बोलतो, तोपर्यंत सर्व काही सुरळीत चालते. टॅग खोटे बोलू लागला की घोटाळा सुरू होतो. वेबच्या बाबतीत नेमके हेच घडले.

जुन्या पानांची अवस्था

१९९० नंतरच्या दशकात पाने आकर्षक दिसावीत अशी ओढ लागली. अक्षराचा रंग व आकार बदलण्यासाठी 'फाँट' नावाचा टॅग आला. पानाचे डावे-उजवे भाग आखण्यासाठी तक्त्याचा टॅग राबविला जाऊ लागला. वास्तविक तक्ता हा आकडे व नोंदी यांच्यासाठी. परंतु मुखपृष्ठावरील चित्र एका चौकटीत, दुव्यांची यादी दुसऱ्या चौकटीत, अशा रीतीने संपूर्ण पानच तक्त्यात बसविले जाई. शीर्षकाला शीर्षकाचा टॅग न लावता साध्या परिच्छेदातील अक्षरे ठळक व मोठी केली जात. डोळ्याला ते शीर्षक दिसे, यंत्राला मात्र तो साधा परिच्छेदच वाटे.

मराठी पानांची अडचण आणखी एका कारणाने वाढली. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे व संस्थांचे स्वतंत्र फाँट वापरले गेले. त्यांत पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठविलेले असे. तो विशिष्ट फाँट वाचकाच्या यंत्रावर नसला की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. अशा पानातील एखादा शब्द शोधयंत्राला कधीच सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी तो मराठी शब्द नव्हताच.

काही ठिकाणी यावर सोपा उपाय म्हणून टंकलिखित पत्राची छायाप्रत संकेतस्थळावर टाकण्याची प्रथा पडली. छायाप्रत हा मजकूर नसून मजकुराचे चित्र असते. ते शोधता येत नाही, वाचून दाखविता येत नाही आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर बोटांनी ओढत ओढत वाचावे लागते.

घटक म्हणजे काय?

'घटक' ही कल्पना नवीन नाही. महसूल खात्यात गाव नमुने आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंच्या जोडणीतून सातबारा हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला. ग्रामपंचायतीतही एक ते तेहतीस असे नमुने आहेत. नमुन्याचे वैशिष्ट्य असे की त्याची चौकट एकदाच ठरते, तिच्यातील प्रत्येक रकान्याचा अर्थ निश्चित असतो आणि गावोगावी फक्त नोंदी बदलतात. मंठ्यातील सातबारा आणि भोकरदनमधील सातबारा यांतील मजकूर वेगळा असतो, नमुना एकच असतो. शासनाने नमुना सुधारला की तो सर्वत्र सुधारतो.

दर्शनी घटक म्हणजे संकेतस्थळाचा असा नमुना होय. 'सूचना' हा एक घटक. त्याला शीर्षक, वर्णन, प्रारंभ दिनांक, अंतिम दिनांक आणि सोबतची फाइल असे ठरलेले रकाने. 'अधिकाऱ्याचा संपर्क' हा दुसरा घटक, त्यात पदनाम, कार्यालय व दूरध्वनी. 'पर्यटन स्थळ' हा तिसरा. पान नव्याने लिहावयाचे नसते. घटक मांडावयाचे व त्यांत नोंदी भरावयाच्या. रिअ‍ॅक्ट ही २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली प्रणाली, तसेच अँग्युलर व व्ह्यू या प्रणाली, याच तत्त्वावर चालतात. ब्राउझरमध्येही स्वतःचे टॅग निर्माण करण्याची सोय आता अंगभूत आहे.

याचे प्रत्यक्ष उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पूर्वी देशातील जिल्ह्यांची संकेतस्थळे ठिकठिकाणी स्वतंत्रपणे घडविलेली असत आणि प्रत्येकाची रचना निराळी असे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुढे एस-थ्री-वॉस या नावाची सामाईक सेवा उभी केली. सुरक्षित, आवश्यकतेनुसार वाढणारी आणि सुगम्य संकेतस्थळे पुरविणे हा तिचा हेतू. जालना जिल्ह्याचे संकेतस्थळ याच सेवेवर आहे. तेथील सूचनांच्या पानावर शीर्षक, वर्णन, सुरू होण्याचा व संपण्याचा दिनांक आणि फाइल असे रकाने दिसतात. अंतिम दिनांक हा स्वतंत्र रकाना असल्यामुळे मुदत संपलेली सूचना चालू सूचनांतून बाजूला काढून संग्रहात नेता येते. हीच तारीख पूर्वीप्रमाणे परिच्छेदाच्या मध्यभागी कोठेतरी लिहिलेली असती, तर यंत्राला ती तारीख आहे हेच उमगले नसते.

एका तक्त्याची परीक्षा

रूपांतरात खरोखर काय पणाला लागते हे एका तक्त्यावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अस्तित्वात आला. या अधिनियमाने अधिसूचित सेवा, त्या देण्याची नियत कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील प्राधिकारी व द्वितीय अपील प्राधिकारी यांची माहिती कार्यालयाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळ असल्यास त्यावरही प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. साहजिकच ही माहिती पाच रकान्यांच्या तक्त्यात मांडली जाते. कार्यालयातील रुंद पडद्यावर तो तक्ता सुबक दिसतो.

आता हाच तक्ता एखाद्या गावातील शेतमजूर महिलेच्या मोबाईलवर उघडला गेला असे समजावे. पडद्यावर पहिले दोन रकाने मावतात. सेवेचे नाव दिसते, कालमर्यादा दिसते. उरलेले तीन रकाने उजवीकडे पडद्याबाहेर राहतात. दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर दाद कोणाकडे मागावयाची, हे त्या न दिसणाऱ्या रकान्यांत असते. कायद्याने दिलेला अपिलाचा हक्क कागदावर अबाधित राहतो, परंतु तो पडद्याच्या कडेपलीकडे गेलेला असतो.

या तक्त्याचे घटकांत रूपांतर करणे म्हणजे प्रत्येक सेवेची एक स्वतंत्र पत्रिका करणे. वर सेवेचे नाव आणि त्याखाली एकाखाली एक 'कालमर्यादा', 'पदनिर्देशित अधिकारी', 'प्रथम अपील', 'द्वितीय अपील' अशा नावांसह नोंदी. लहान पडद्यावर पत्रिका एकाखाली एक येतात, मोठ्या पडद्यावर त्याच नोंदी पुन्हा तक्त्यासारख्या मांडता येतात. मजकूर एकच, मांडणी पडद्याप्रमाणे.

परंतु येथेच एक खाच आहे. जुन्या तक्त्यात अनेकदा उभे कप्पे एकत्र केलेले असतात. सहा सेवांचा पदनिर्देशित अधिकारी एकच, तहसीलदार, असेल तर टंकलेखक तो शब्द सहा वेळा न लिहिता सहा ओळींचा मिळून एक उंच कप्पा करतो. डोळ्याला अर्थ स्पष्ट असतो. रूपांतर करणारी आज्ञावली निष्काळजीपणे लिहिली असेल तर ती तहसीलदार हा शब्द फक्त पहिल्या सेवेच्या पत्रिकेत घालते आणि पुढील पाच सेवांच्या पत्रिकांत ती जागा रिकामी राहते. क्वचित याहून वाईट घडते. रिकाम्या जागेत पुढील रकाना सरकतो आणि अपील प्राधिकाऱ्याचे पदनाम पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नावाखाली छापले जाते. पान सुंदर दिसते आणि चुकीचे सांगते.

तारांकित टिपांचीही हीच स्थिती. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एखादी अट लिहिलेली असते. तक्त्याच्या पत्रिका झाल्या की ती टीप कोणत्या सेवेची हे हरवते, किंवा टीपच मागे राहून जाते. ती टीप प्रत्येक संबंधित पत्रिकेत उतरली पाहिजे. कोणती टीप कोणत्या सेवेला लागू आहे, हे अभियंत्याला ठाऊक नसते. ते सेतू केंद्राचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, तहसील कार्यालयातील संबंधित कर्मचाऱ्याला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ठाऊक असते. म्हणून हे काम अभियंत्यांचे आहे हा समज अर्धाच खरा, असे प्रारंभी म्हटले.

रूपांतराची रीत

हे काम टप्प्याटप्प्याने होते. पहिला टप्पा मोजदादीचा. संकेतस्थळावर किती पाने आहेत, त्यांपैकी किती चालू उपयोगाची, किती कालबाह्य, प्रत्येक पानाचा धनी कोणते कार्यालय, याची यादी केली जाते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार भट्टीत टाकण्यापूर्वी निवडले जाते, तसेच हे आहे. निवड न करता सगळेच आत लोटले तर बाहेर येणारा माल कधीच एकसारखा निघत नाही.

दुसरा टप्पा लिपीशुद्धीचा. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणला जातो. याची साधने उपलब्ध आहेत, तथापि जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा चुकण्याचा संभव राहतो. त्यामुळे गावांची नावे व व्यक्तींची पदनामे एकदा डोळ्याखालून घालणे अगत्याचे असते.

तिसरा टप्पा वाचनाचा. ब्राउझर एचटीएमएलचे पान वाचतो तेव्हा त्याची वंशावळीसारखी रचना तयार करतो. पानाच्या पोटी विभाग, विभागाच्या पोटी यादी, यादीच्या पोटी तिच्यातील एकेक बाब. रूपांतर करणारी आज्ञावली याच वंशावळीतून फिरते. मजकुरातील अक्षरे नुसती शोधून बदलण्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची, कारण कोणते कशाच्या पोटात आहे हे तिला कळते.

चौथा टप्पा ओळख पटविण्याचा. पानापानांत वारंवार येणारी रचना हेरून तिला नाव दिले जाते. शंभर पानांवर 'अर्ज कोठे करावा' हा भाग आढळला तर तो घटक होण्यास योग्य. एकाच पानावर एकदाच आलेला मजकूर घटक करण्याचे कारण नाही. त्याला साधा परिच्छेद राहू द्यावे. नाव देताना दिसण्यापेक्षा अर्थाला महत्त्व असावे. 'निळी चौकट' हे नाव उद्या रंग बदलला की खोटे ठरते. 'अर्जाची अंतिम मुदत' हे नाव टिकते.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष बदलाचा. येथे दोन मार्ग आहेत. जुनी पाने एकदाच फोडून त्यांतील नोंदी रकान्यांत भरून ठेवणे हा एक. मजकूर एचटीएमएल स्वरूपातच साठवून, प्रत्येक वेळी पान उघडताना त्यातील टॅगांच्या जागी योग्य ते घटक बसविणे हा दुसरा. सूचना, सेवा, संपर्क अशा ठरावीक साच्याच्या माहितीला पहिला मार्ग उत्तम. जिल्ह्याचा इतिहास किंवा एखाद्या योजनेची विस्तृत माहिती यांसारख्या सलग लेखनाला दुसरा. 'क्लास' या शब्दाऐवजी त्या प्रणालीचा शब्द घालणे, उघडे राहिलेले टॅग बंद करणे, ही कामे यंत्रे निमिषार्धात करतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही पानावरून घटक तयार करून देतात. त्याने हात वाचतात, पडताळणी मात्र वाचत नाही.

अखेरचा टप्पा जुळवणीचा. जुने पान व नवे पान शेजारी ठेवून प्रत्येक तारीख, रक्कम, पदनाम व दुवा ताडून पाहावा. जुन्या पानाचा पत्ता अनेकांनी टिपून ठेवलेला असतो, शासकीय पत्रांतही छापलेला असतो. तो पत्ता टाकणाऱ्यास नव्या पानाकडे नेण्याची व्यवस्था केली नाही तर जुनी वाट एकाएकी बंद होते.

विश्वासाने उघडलेले दार

सुरक्षिततेचा विचार येथे टाळता येत नाही. एचटीएमएलमध्ये मजकुराबरोबर आज्ञाही लपून येऊ शकतात. बाहेरून आलेला मजकूर न तपासता पानात घातला तर त्यातील आज्ञा वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू होते आणि त्याने भरलेली माहिती भलत्याच ठिकाणी जाऊ शकते. हा हल्ल्याचा जुना व सुपरिचित प्रकार आहे. रिअ‍ॅक्टमध्ये कच्चे एचटीएमएल थेट घालण्याची जी सोय आहे, तिच्या नावातच 'धोकादायक रीतीने' असा अर्थ निर्मात्यांनी मुद्दाम ठेवला आहे, तो याच कारणासाठी.

उपाय असा की कोणते टॅग वर्ज्य याची यादी करण्यापेक्षा कोणते टॅग ग्राह्य याची यादी करावी. परिच्छेद, शीर्षक, यादी, तक्ता, दुवा, चित्र एवढ्यांना प्रवेश द्यावा, बाकी सर्व गाळावे. शासनाच्या संकेतस्थळावर नागरिक विश्वासाने येतो. तो विश्वास राखणे हे कुलूप लावण्याइतकेच रोजचे काम आहे.

ज्यांना पडदा दिसत नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये झाला. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली, २०१८ मध्ये सुधारली गेली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. या सर्वांत सुगम्यतेवर भर आहे. अंध व्यक्ती संगणक किंवा मोबाईल वापरते ती पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साह्याने. एनव्हीडीए हे असे एक विनामूल्य साधन. ही आज्ञावली टॅगांवरूनच वाचते. शीर्षकाला शीर्षकाचा टॅग असेल तर श्रोता एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेत हवी ती माहिती गाठतो. नुसती ठळक अक्षरे असतील तर त्याला संपूर्ण पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते. चित्राला वर्णन नसेल तर ते चित्र त्याच्यासाठी मुके असते.

घटकांचा येथे मोठा लाभ होतो. चित्राच्या घटकात वर्णनाचा रकाना अनिवार्य केला की वर्णनाविना चित्र प्रसिद्धच होऊ शकत नाही. एक घटक दुरुस्त केला की तो जेथे जेथे वापरला आहे तेथे सर्वत्र दुरुस्त होतो. अर्थात याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. घटकात चूक राहिली तर तीही सर्वत्र पसरते. नमुना चुकीचा छापला गेला तर प्रत्येक गावाची नोंद चुकते, तसेच हे.

मराठीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हिंदी व मराठी यांची लिपी एकच असल्याने पानाची भाषा कोणती हे टॅगमध्ये स्पष्ट नोंदवावे लागते. ती नोंद नसेल तर वाचून दाखविणारा आवाज मराठी मजकूर हिंदी उच्चाराने वाचण्याचा संभव असतो. अक्षरांच्या वळणाचेही तेच. देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही मराठीची वळणे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये प्रमाण ठरविली. काही फाँटमध्ये हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषेची नोंद पाहूनच मराठी वळण निवडले जाते. रूपांतर करताना ही बारीकशी नोंद बहुधा प्रथम गळते.

प्रत्येक ठिकाणी घटक नकोत

नव्या साधनाचा उत्साह मर्यादेत असावा. घटकांवर आधारलेली काही उपयोजने रिकामे पान पाठवितात आणि मजकूर मागाहून ब्राउझरमध्ये रचतात. संपर्क क्षीण असेल, किंवा जुना मोबाईल ती आज्ञावली पेलू शकत नसेल, तर वाचकासमोर पांढरा पडदा राहतो. यासाठी घटकांपासून तयार झालेले पान मजकुरासह पूर्ण एचटीएमएल स्वरूपातच पाठवावे आणि सोयी त्यावर मागाहून चढवाव्यात, ही रीत श्रेयस्कर मानली जाते. एखाद्या गावाच्या ग्रामसभेची सूचना नीट टॅग लावलेल्या साध्या पानावर असली तरी तिचे काम चोख होते. घटक हे साधन आहे. माहिती पोहोचणे हे साध्य आहे.

कोणी काय करावे?

कार्यालयांतील अधिकाऱ्यांनी मजकूर देताना तीन पथ्ये पाळली तरी पुढील बरेचसे कष्ट वाचतात. मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, सहीच्या पत्राची छायाप्रत द्यावयाची असल्यास तिच्यासोबत मूळ मजकूरही द्यावा. तक्त्यातील कप्पे एकत्र करू नयेत, प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण असावी. प्रत्येक सूचनेला अंतिम दिनांक आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम स्वतंत्रपणे लिहावे.

शिक्षकांना यात अध्यापनाचे उत्तम साधन सापडेल. शाळेच्या फलकावरील एखादी सूचना घ्यावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे की यातील शीर्षक कोणते, तारीख कोणती, अट कोणती, कृती कोणती. मजकुराचे असे विश्लेषण हा भाषेचाच पाठ आहे. ज्या मुलाला सूचनेतील अट आणि कृती वेगळी करता येते, त्याला उद्या अर्ज भरताना कोणाच्या दारात बसावे लागणार नाही.

पंचायतींच्या सदस्यांचे काम सर्वांत मोलाचे आहे. त्यांनी आपल्या गावाशी संबंधित पाने आपल्याच मोबाईलवर उघडून पाहावीत, कार्यालयातील मोठ्या पडद्यावर नव्हे. शेवटचा रकाना दिसतो काय, दूरध्वनी क्रमांकावर बोट ठेवताच तो लागतो काय, मुदत संपलेली सूचना अद्याप चालू म्हणून झळकते काय, हे तपासावे. शक्य असल्यास गावातील एखाद्या दृष्टिहीन बांधवाला ते पान ऐकवावे. दोष आढळल्यास त्या पानाचा पत्ता व दोषाचे स्वरूप लिहून संबंधित कार्यालयास कळवावे. अशी एक नेमकी तक्रार अनेक सर्वसाधारण सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

'जालना सोने का पालना' ही म्हण या भागात पूर्वापार चालत आली आहे. या सोन्यामागे व्यापाऱ्याची एक सवय होती. माल कोणता, किती आणि कोणाचा, हे पोत्यावर स्पष्ट लिहिलेले असे आणि लिहिलेले खरे असे. संकेतस्थळावरील प्रत्येक टॅग आणि प्रत्येक घटक याच कसोटीवर उतरला पाहिजे. जे लिहिले आहे ते खरे असावे, ते ज्याच्यासाठी आहे त्याला ते दिसावे किंवा ऐकू यावे, आणि ते चुकल्यास दुरुस्त कोणी करावयाचे हे ठरलेले असावे. एवढे साधले म्हणजे दाद कोणाकडे मागावयाची हे सांगणारा तो रकाना गावातल्या मोबाईलवरही दिसू लागेल.